जरा सरकून घ्या!

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो. त्यात मेलेले मोबाइल, कुठल्याच फोनला न लागणारे चार्जर आणि तळाशी सीडीजची चवड. वर मार्करने लिहिलेलं असतं, ‘फोटो दिवेआगर’, ‘मिक्स गाणी २’, ‘इम्पॉर्टंट!!!’ या तिसऱ्या सीडीत नेमकं काय इम्पॉर्टंट होतं, ते घरात कुणालाच आठवत नाही.

दिवाळीची साफसफाई असो की घर बदलणं, हा ड्रॉवर उघडला की मला हमखास एक फोन येतो. ‘अगं, ही सीडी अर्धीच भरलीये. हिच्यात अजून फाइल्स टाकता येतील का गं?’ म्हणजे लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं. जागा तर दिसतेय, जरा सरकून घ्या ना!

थोडक्यात उत्तर : हो, टाकता येतात. पण लोकलमध्ये चौथा माणूस बसला म्हणून आधीचे तिघे अदृश्य होत नाहीत. सीडीत तसं होऊ शकतं. आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे कित्येक घरांतले फोटो, आवाज आणि आठवणी ‘गेल्या’ असं समजून कचऱ्यात जातात. सो, आजचा कॉलम त्या अर्ध्या भरलेल्या सीडीसाठी.

एकदा लिहिलं की लिहिलं

आधी थोडा बेसिक फंडा. आपण घरी बर्न करायचो ती सीडी-आर. तिच्या आत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. राइटरचा लेझर त्या थरावर तापवून खुणा उमटवतो. ही खूण पुसता येत नाही. शाईने लिहिलेल्या वहीसारखं : खोडता येईल, कोरं करता येणार नाही. सीडी-आरडब्ल्यू वेगळी. तिच्यात रंगद्रव्याऐवजी धातूंचं मिश्रण असतं, ते तापवून पुन्हा मूळ स्थितीत आणता येतं. म्हणून ती पुसून परत वापरता येते.

मग कायमच्या खुणा असलेल्या सीडी-आरवर ‘अजून’ लिहायचं कसं? साधं आहे. लेझर आतल्या कड्यापासून बाहेरच्या कडेकडे लिहीत जातो. ६५० किंवा ७०० एमबीपैकी २०० एमबी लिहून झाले, तर बाहेरचा भाग कोराच असतो. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी सीडी-आरचे जे नियम ठरवले (१९९० चं ‘ऑरेंज बुक’), त्यात हे तुकड्यातुकड्याने लिहिणं बसवलेलं आहे. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ‘सेशन’. आणि असे अनेक तुकडे असलेली डिस्क म्हणजे मल्टिसेशन.

सोसायटीची पाटी

आता खरी गंमत. सेशन म्हणजे नुसत्या फाइल्स नाहीत. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला एक ‘लीड-इन’ असतं, शेवटी ‘लीड-आउट’, आणि आत फाइल्सची एक यादी : कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, याची.

ही यादी म्हणजे आपल्या सोसायटीच्या तळमजल्यावरची नावांची पाटी समजा. पहिलं सेशन म्हणजे ए विंग. तिची पाटी लागली. दोन वर्षांनी तुम्ही त्याच सीडीवर अजून फाइल्स टाकल्या, म्हणजे बी विंग बांधली. आता तिथे नवीन पाटी लागली. आणि कॉम्प्युटर नावाचा पोस्टमन इतका आळशी की तो फक्त सर्वांत शेवटची पाटी वाचतो!

बी विंगची पाटी लावताना तुम्ही ए विंगमधली नावंही तिच्यावर उतरवून घेतलीत, तर काहीच प्रॉब्लेम नाही. पोस्टमनला दोन्हीकडचे रहिवासी सापडतात. बर्निंग सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ‘इम्पोर्ट सेशन’ म्हणतात. इथे जुन्या फाइल्स पुन्हा लिहिल्या जात नाहीत, फक्त नव्या यादीत त्यांचा पत्ता नोंदवला जातो.

पण ती नावं उतरवून घेतली नाहीत तर? पोस्टमन म्हणणार, इथे ए विंगमध्ये कुणी राहतच नाही. सीडी उघडली की फक्त नव्या फाइल्स दिसणार. जुन्या फाइल्स जागच्या जागी, धडधाकट, पण पाटीवर नाव नाही म्हणून बेपत्ता.

लक्षात ठेवा, बेपत्ता म्हणजे गायब नव्हे. सगळा मुद्दा इथेच आहे.

अडतीस फोटो आणि एक आजी

माझ्या एका मैत्रिणीच्या घरचा किस्सा. तिच्या बाबांनी २००५ मध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून एमपीथ्री करून घेतल्या होत्या आणि सीडीवर टाकल्या होत्या. आजी नंतर गेली, बाबाही गेले. कॅसेट बुरशीने केव्हाच गेली होती. उरली ती सीडी. वर बाबांच्या अक्षरात ‘आई’.

सीडी लावली तर आत एका लग्नाचे अडतीस फोटो. सगळे २००७ चे. ओवी एकही नाही. घरच्यांचा अंदाज असा, की बाबांनी चुकून त्याच सीडीवर फोटो टाकले आणि ओव्या पुसल्या गेल्या. मैत्रिणीने मला फोन केला तो रडवेल्या आवाजात, आणि काही विचारायला नव्हे, नुसतंच सांगायला.

मी तिला म्हटलं, सीडी उलटी कर आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धर. लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक दिसतो, लिहिलेला किंचित गडद. ते अडतीस फोटो होते साधारण ९० एमबीचे. सीडीवर एवढ्यासाठी आतल्या बाजूने जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचं कडं पुरतं. तिने बघितलं तर गडद भाग पाऊणएक डिस्क व्यापून होता, आणि मध्ये एक बारीकशी रेघ, गोल.

ती रेघ म्हणजे दोन सेशन्समधली हद्द. शिवाय ही सीडी-आर, आरडब्ल्यू नव्हे. म्हणजे पुसणं शक्यच नव्हतं.

शनिवारी मी लॅपटॉप आणि यूएसबीवरचा डीव्हीडी राइटर घेऊन तिच्याकडे गेले. ‘आयसोबस्टर’ नावाचं सॉफ्टवेअर डिस्कवरची सगळी सेशन्स वेगवेगळी दाखवतं. डावीकडे दोन ओळी आल्या : सेशन १, सेशन २. पहिल्यावर क्लिक केलं आणि फाइल्सची यादी उघडली. ‘आई ०१’, ‘आई ०२’, ‘आई ०३’... तिसऱ्या फाइलच्या सुरुवातीला बाबांचाच आवाज होता, ‘आई, अजून थोडं जवळ बस.’ मग जात्याची घरघर आणि मग आजी. आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. तिची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

दोन फाइल्स शेवटी अडखळल्या, बाकी सगळ्या नीट कॉपी झाल्या. फाइल्स ‘गेल्या’ नव्हत्या. फोटो टाकताना जुनं सेशन इम्पोर्ट झालं नव्हतं, एवढंच.

तो एक ऑप्शन

त्यात बाबांचा दोष म्हणावा असंही नाही. त्या काळी भारतात घरोघर असलेलं ‘नीरो’ आठवतंय? नवीन डिस्क करायला घेतली की ते तीन पर्याय समोर ठेवायचं : ‘स्टार्ट मल्टिसेशन डिस्क’, ‘कंटिन्यू मल्टिसेशन डिस्क’ आणि ‘नो मल्टिसेशन’. पहिल्यांदा बर्न करताना ‘स्टार्ट’, पुढच्या वेळी ‘कंटिन्यू’. दुसऱ्या वेळीही ‘स्टार्ट’ निवडलं की नवी पाटी कोरी, जुनी नावं बाहेर. आणि पहिल्याच वेळी ‘नो मल्टिसेशन’ निवडलं किंवा ‘फायनलाइज’वर टिक केलं, तर डिस्कला कुलूप. मग सहाशे एमबी जागा कोरी असली, तरी तिच्यावर काहीही टाकता येत नाही. म्हणजे उलट्या बाजूला कोरं कडं दिसलं म्हणून जागा ‘मिळेलच’ असं नाही.

विंडोज एक्सपी (२००१) आल्यावर राइटिंग विंडोजमध्येच आलं आणि हे काम बरंच सोपं झालं. फाइल्स ओढून टाका, बर्न म्हणा, जुनं सेशन विंडोज आपणहून जोडून घ्यायचं. २००७ मध्ये व्हिस्टा आली, तिने एक नवा प्रश्न विचारायला सुरुवात केली, जो विंडोज आजही विचारतं : डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय पेनड्राइव्हसारखा वाटतो खरा, पण सीडी-आरवर फाइल ‘डिलीट’ केली तरी जागा परत मिळत नाही. शिवाय ती डिस्क जुन्या मशिनवर चालेल याची खात्री नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची असेल, तर डोळे मिटून दुसरा पर्याय.

सरकून बसण्याचं भाडं

आता हिशेब. प्रत्येक सेशन बंद करताना त्याचं लीड-इन आणि लीड-आउट जागा खातं. पहिल्या सेशनला साधारण २२ एमबी, नंतरच्या प्रत्येकाला साधारण १३ एमबी. तुम्ही दोन एमबीचा बायोडेटा टाका नाहीतर दोनशे एमबीचे फोटो, हे भाडं तेवढंच. रोज एक-एक फाइल टाकत बसलात, तर पन्नासेक वेळात ७०० एमबीची सीडी नुसत्या लीड-इन, लीड-आउटनेच भरेल! म्हणून टाकायचंच असेल तर साठवून, एकदम.

तीच गोष्ट त्याच नावाची फाइल पुन्हा टाकण्याची. ‘बायोडेटा फायनल’ बदलून पुन्हा टाकलात, तर पाटीवर नवा पत्ता लागतो, पण जुना बायोडेटा जागचा हलत नाही. दोन्हींची जागा जाते.

आणि तुमचं जुनं सीक्रेट

इथे नाण्याची दुसरी बाजू. आजीच्या ओव्या ज्या कारणाने वाचल्या, त्याच कारणाने तुम्ही ‘डिलीट’ केलेली फाइलही वाचते. पाटीवरून नाव काढलं तरी माणूस घरातच आहे ना!

ऑफिसच्या एका सीडीवर आधी सॅलरी स्लिप्स आणि पासपोर्टचा स्कॅन होता, मग ते काढून प्रेझेंटेशन टाकलं आणि सीडी क्लायंटला दिली, असं कुणी केलं असेल, तर क्लायंटला फक्त सेशन १ वर क्लिक करायचं आहे. म्हणून खासगी काही असलेली सीडी-आर कुणाला द्यायची नाही, आणि टाकून द्यायची असेल तर आधी तोडायची. (कापडात गुंडाळून तोडा, तुकडे उडतात.) नुसता वरून मार्कर फिरवून काही होत नाही.

कुठे सरकायचं नाही

काही सीडीजवर जागा दिसली तरी हात लावू नका.

ऑडिओ सीडी : म्युझिक सिस्टिम किंवा जुन्या कारमधला साधा सीडी प्लेअर फक्त पहिलं सेशन वाजवतो. दुसऱ्या सेशनमध्ये टाकलेली गाणी त्याच्या गावीही नसतात. म्युझिक कंपन्यांनी याचा छान उपयोग करून घेतला होता. १९९५ च्या ‘ब्लू बुक’ नियमांनुसार निघालेल्या सीडीजमध्ये पहिल्या सेशनमध्ये गाणी आणि दुसऱ्यात कॉम्प्युटरसाठी व्हिडिओ, फोटो असायचे. प्लेअरला गाणी, पीसीला बोनस!

एमआरआय, सीटी स्कॅनची सीडी : या सीडीवर फोटोंसोबत त्यांची इंडेक्स फाइल आणि बहुतेकदा ते बघायचं सॉफ्टवेअरही असतं. अशा डिस्क बऱ्याचदा कुलूपबंदच येतात. चुकून उघडी मिळालीच, तर ‘जागा आहे, बाकीचे रिपोर्टही टाकू’ असं अजिबात नाही. नव्या पाटीच्या गडबडीत ऐन ओपीडीत डॉक्टरांना स्कॅन दिसला नाही, तर सेकंड ओपिनियनची अपॉइंटमेंट वाया. रिपोर्ट वेगळे ठेवा आणि स्कॅनची कॉपी हार्ड डिस्कवर घ्या.

कोर्टात द्यायची सीडी : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवावी लागते. ही डेटाच्या बोटांच्या ठशांसारखी. सीडीवर नंतर एक फाइल जरी वाढवलीत, तरी अख्ख्या डिस्कचा ठसा बदलतो. मग वकिलांचं बोलणं ऐकायची तयारी ठेवा.

व्हिडिओ डीव्हीडी : लग्नाच्या डीव्हीडीत हळदीचे फोटो ‘मागाहून’ टाकायचे मनसुबे सोडून द्या. टीव्हीखालच्या प्लेअरला त्या भानगडी कळत नाहीत.

मग आज टाकायच्या का?

माझं स्पष्ट मत : जुन्या सीडीवर नवीन फाइल्स टाकता येतात, पण टाकू नका. नियम म्हणून नाही, हिशेब म्हणून.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी जागा महाग होती. पन्नास सीडीजचा तो गोल डबा पुरवून पुरवून वापरला जायचा. उरलेले चारशे एमबी वाया घालवणं म्हणजे ताटात अन्न टाकण्यासारखं वाटायचं. त्यात भारनियमन. बर्निंग नव्वद टक्क्यांवर आणि लाइट गेली की सेशन अर्धवट, आणि कधी कधी आधीच्या फाइल्स वाचतानाही ड्राइव्ह गोंधळायचा. तो धोका तेव्हा जागेसाठी घेतला जायचा. आज तीच जागा फोनमधल्या कार्डाच्या एका कोपऱ्यात मावते, मग धोका कशासाठी?

शिवाय सीडी-आरचं रंगद्रव्य अमर नाही. ऊन, उष्णता आणि मुंबई-कोकणातली दमट हवा त्याच्या मुळावर येते. आणखी एक गैरसमज : आपण सगळे सीडीची चकचकीत बाजू जपतो. प्रत्यक्षात डेटाचा थर वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूला, पातळशा लॅकरखाली असतो. खालची बाजू मिलिमीटरभराहून जाड प्लॅस्टिकची. खालचा चरा एकवेळ चालेल, वरचा नाही. बॉलपेनने दाबून ‘इम्पॉर्टंट’ लिहिलं असेल, तर तिथेच इम्पॉर्टंट डेटा गेला असण्याची शक्यता!

आणि नव्या डिस्क तरी किती दिवस मिळणार? आपल्या घरातल्या कितीतरी सीडीजवर ज्या मोझर बेअरचं नाव आहे, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. लॅपटॉपमधून ड्राइव्ह केव्हाच गेले. यूएसबीवर चालणारे राइटर मिळताहेत, तोवर हे काम उरकून घ्या.

या वीकएण्डचं होमवर्क

१. ड्रॉवरमधल्या सीडीज काढा. प्रत्येक उलटी धरून गडद कडं किती मोठं आहे ते बघा. कडं मोठं आणि फाइल्स थोड्या, असं असेल तर जुनं सेशन लपलेलं असू शकतं.

२. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्क इन्फो’ बघा. सेशन्स किती, डिस्क उघडी की बंद, ते तिथे कळतं. एकापेक्षा जास्त सेशन्स असतील तर प्रत्येक उघडून बघा. लिनक्सवाल्यांना डिस्क माउंट करतानाच सेशनचा नंबर सांगता येतो.

३. सगळ्या सेशन्समधल्या फाइल्स हार्ड डिस्कवर घ्या, दोन ठिकाणी. एखादी फाइल अडली तर सीडी मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. आणि दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा. एकाला न जमलेली डिस्क दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं.

४. एवढं झाल्यावरही त्याच सीडीवर काही टाकायचंच असेल, तर ‘कंटिन्यू’ आणि ‘इम्पोर्ट’. बर्न झाल्यावर सीडी बाहेर काढून परत लावा आणि जुन्या फाइल्स दिसताहेत ना, ते बघितल्याशिवाय झोपू नका.

५. सीडी ‘रिकामी’ किंवा ‘फक्त दोनच फोटो’ निघाली म्हणून लगेच फेकू नका. घरात ज्यांनी ती बर्न केली, त्यांना आधी विचारा, ‘हिच्यात आधी काय होतं हो?’ उत्तर ‘काही नाही रे, तुझ्या बारशाचं शूटिंग’ असं येऊ शकतं.